दिवाणी दावा व न्यायालय फी : शेतकऱ्याने जाणून घ्यावयाच्या गोष्टी

शेतजमिनीच्या तंट्याचा पहिला फटका शेतीलाच बसतो. ज्या शेताच्या मालकीविषयी अथवा वहिवाटीविषयी वाद चालू असतो, त्या शेतात विहीर खोदली जात नाही, फळझाडे लावली जात नाहीत व बांधबंदिस्तीचे कामही लांबणीवर पडते. उद्या हे शेत कोणाच्या वाट्यास जाईल, याचीच खात्री नसेल तर त्यात पैसा व श्रम घालण्यास कोणी धजत नाही. म्हणून वादाचा निकाल लवकर लागणे हे शेतीच्या सुधारणेच्या दृष्टीनेही अगत्याचे असते.

असे असूनही अनेक शेतकरी आपला न्याय्य हक्क मागण्यास वेळेवर पुढे येत नाहीत. याची कारणे अनेक आहेत. परंतु न्यायालयात भरावयाच्या फीविषयी पसरलेले गैरसमज हे त्यांतील एक मोठे कारण होय. जमिनीच्या बाजारभावावर मोठी फी भरावी लागते, अशी एक समजूत आहे. ज्याच्या गाठी पैसा नाही त्याला दावाच लावता येत नाही, अशी दुसरी समजूत आहे. शेतजमिनीच्या बहुतेक दाव्यांच्या बाबतीत या दोन्ही समजुती खऱ्या नाहीत. मात्र त्यांच्यापायी वर्षे निघून जातात, दाव्याची मुदत संपते आणि मग हक्क खरा असूनही न्यायालयाकडून दाद मिळू शकत नाही. न्यायालय फी कोणत्या तत्त्वावर ठरते, ती कोणास माफ होते, ती परत केव्हा मिळते आणि ती भरण्याची गरजच कोणत्या वादांत पडत नाही, याची माहिती प्रत्येक गावी असणे म्हणूनच आवश्यक आहे.

न्यायालय फी म्हणजे काय

दिवाणी न्यायालयात वादपत्र दाखल करताना शासनाला जी रक्कम द्यावी लागते, तिला न्यायालय फी म्हणतात. खेड्यात तिलाच ‘कोर्ट फी’ किंवा ‘कोर्टाचा स्टँप’ असे म्हटले जाते. ही फी भरल्यावाचून वादपत्र रीतसर नोंदले जात नाही. ती सामान्यतः वादीने, म्हणजे दाद मागणाऱ्याने, प्रथम भरावयाची असते. दाव्याचा निकाल वादीच्या बाजूने लागल्यास हा खर्च प्रतिवादीकडून वसूल करण्याचा हुकूम न्यायालय देऊ शकते.

न्यायालय फी आणि दाव्याचा इतर खर्च यांत गल्लत होऊ देऊ नये. वकिलाचे मानधन हा पक्षकार व वकील यांच्यामधील व्यवहार आहे. प्रतिवादीस समन्स बजावण्यासाठी लागणारा तलबाना, वकीलपत्रावरील मुद्रांक, नकलांचा खर्च व मोजणीची फी या बाबी वेगळ्या असतात. ‘कोर्टात इतके हजार लागले’ असे जेव्हा कोणी सांगतो, तेव्हा त्यातील न्यायालय फी किती व इतर खर्च किती, हे विचारून घेतल्यास पुष्कळदा भीतीचे कारण उरत नाही.

आपल्या देशात या फीचा जुना अखिल भारतीय कायदा १८७० सालचा आहे. तेव्हाच्या मुंबई राज्याने या विषयावर १९५९ साली आपला स्वतंत्र कायदा केला आणि तो १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. तोच कायदा आज महाराष्ट्र न्यायालय फी अधिनियम या नावाने ओळखला जातो. न्यायदान हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य असल्यामुळे न्यायालय फीकडे उत्पन्नाचे साधन म्हणून पाहणे योग्य नाही, असा अभिप्राय भारताच्या विधी आयोगाने १९५८ सालच्या आपल्या चौदाव्या अहवालात दिला होता. फी रद्द झाली नाही. परंतु दुर्बलांना माफी, निर्धनांना सवलत आणि तडजोड करणाऱ्यास परतावा या तरतुदी कायद्यात आहेत. त्यांचा लाभ घेणे हे ज्याच्या त्याच्या माहितीवर अवलंबून आहे.

फी कशावर ठरते

फी दोन पायऱ्यांनी ठरते. पहिल्या पायरीत दाव्याचे मूल्यांकन करावयाचे, म्हणजे मागितलेल्या गोष्टीचे मोल कायद्याने सांगितलेल्या रीतीने काढावयाचे. दुसऱ्या पायरीत त्या मोलावर कायद्याच्या परिशिष्टातील दराने फी मोजावयाची. मोल वाढते तशी फी वाढते. परंतु ती त्याच प्रमाणात वाढत नाही, तर वरच्या रकमांवर तिचे शेकडा प्रमाण उतरत जाते आणि एका मर्यादेनंतर ती वाढावयाची थांबते. ही महत्तम मर्यादा पूर्वी ३ लाख रुपये होती; २०१८ साली झालेल्या सुधारणेने ती १० लाख रुपये करण्यात आली. शेतकऱ्याचे दावे या मर्यादेपासून फार दूर असतात. दर वेळोवेळी बदलत असल्यामुळे दावा दाखल करण्याच्या दिवशी कोणता दर लागू आहे, हे न्यायालयाच्या कार्यालयात अथवा वकिलाकडे विचारून घ्यावे.

दावा कशाविषयी आहे यापेक्षा दाव्यात काय मागितले आहे, यावर फी ठरते, हे मुख्य तत्त्व होय. एकाच शेताविषयीचे दोन दावे असले, तरी एकात केवळ मनाई हुकूम मागितला आणि दुसऱ्यात कब्जा मागितला, तर दोहोंची फी भिन्न होते. नेहमी उद्भवणारे प्रकार पुढे दिले आहेत.

१. पैशाचा दावा : येणे रकमेच्या दाव्यात जेवढी रक्कम मागितली असेल, तेवढ्या रकमेवर फी द्यावी लागते. एखाद्या शेतकऱ्याचे कांद्याचे ५०,००० रुपये व्यापाऱ्याकडे येणे आहेत, असे समजा. रागाच्या भरात त्याने नुकसानभरपाईचा भलता आकडा त्यात मिळवून ८०,००० रुपयांचा दावा लावला, तर फी ८०,००० वर भरावी लागेल. आणि वरची रक्कम पुराव्याने सिद्ध झाली नाही, तर त्या भागाची फी अंगावर पडण्याचा संभव राहील. पावत्या व हिशोबपट्ट्या यांनी जेवढे सिद्ध होईल, तेवढेच मागणे हिताचे असते.

२. शेतजमिनीच्या कब्जाचा दावा : शेतकऱ्यांच्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची तरतूद आहे. शेतसारा आकारलेल्या शेतजमिनीचा कब्जा मागताना मूल्यांकन बाजारभावाने होत नाही. ते जमिनीच्या आकाराच्या, म्हणजे सातबारा उताऱ्यावर नमूद असलेल्या वार्षिक सरकारसाऱ्याच्या, कायद्याने ठरविलेल्या पटीत होते. जिरायत जमिनीचा आकार बहुधा काही रुपयेच असतो. त्यामुळे लाखो रुपये किमतीच्या शेताचे न्यायालय फीपुरते मूल्यांकन बाजारभावाच्या मानाने अगदी अल्प येते. घर, वाडा अथवा बिनशेती केलेला भूखंड यांना मात्र हा हिशोब लागू पडतो असे समजू नये. घराच्या दाव्यात बाजारभाव पाहिला जातो.

३. वाटणीचा दावा : एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतील हिस्सा मागताना साऱ्या मिळकतीवर फी भरावी लागत नाही; वादीचा जेवढा हिस्सा, तेवढ्याचेच मूल्यांकन करावयाचे असते.

४. मालकीच्या निवेदनाचा दावा : ‘ही जमीन माझ्या मालकीची आहे असे ठरवून मिळावे’ एवढीच मागणी असेल, तर कब्जाच्या दाव्यास जी फी लागली असती तिचा एक चतुर्थांश भाग द्यावा लागतो. त्याबरोबर कब्जाखेरीज दुसरी एखादी दाद मागितल्यास निम्मी आणि कब्जाही मागितल्यास पूर्ण फी पडते. येथे एक धोका आहे. फी वाचविण्यासाठी काहीजण कब्जा गेलेला असतानाही केवळ निवेदन मागतात. परंतु १९६३ सालच्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाप्रमाणे, ज्याला पुढची दाद मागता येत असूनही त्याने ती मागितली नाही, त्याला नुसते निवेदन न्यायालय देत नाही. अशा वेळी वाचविलेली फी दाव्यालाच घातक ठरते.

५. विक्री रद्दबातल ठरविण्याचा दावा : फसवणुकीने अथवा अन्य कारणाने झालेली विक्री निरर्थक आहे असे ठरवून मागताना मिळकतीच्या मूल्यावर होणाऱ्या फीच्या निम्मी फी आकारली जाते.

६. गहाण सोडविण्याचा दावा : येथे जमिनीचा आजचा भाव पाहत नाहीत, गहाणखतात लिहिलेल्या मुद्दलावर फी ठरते. आजोबांनी काही शे रुपयांत गहाण टाकलेले शेत सोडवून घेताना ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी.

७. मनाई हुकूम व तत्सम दावे : ज्या मागणीचे पैशात मोल करता येत नाही, अशा दाव्यांसाठी कायद्याने एक कल्पित मोल ठरवून दिले आहे व त्यावर फी घेतली जाते. वहिवाटीस होणारा अडथळा थांबवून मागण्याचे पुष्कळसे दावे या वर्गात मोडतात.

एक उदाहरण

वरील नियमांचा प्रत्यक्ष परिणाम एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. एका कुटुंबाची ४ हेक्टर जिरायत जमीन आहे. आईवडील निवर्तले असून मागे दोन मुलगे व एक मुलगी आहेत. जमीन दोघे भाऊ कसतात. बहिणीने आपला तिसरा हिस्सा मागितला, तेव्हा तिला सांगण्यात आले, “जमिनीची किंमत ४५ लाखांची आहे. कोर्टात जाशील तर फीपायीच बुडशील.” बहीण घाबरून गप्प बसली.

आता प्रत्यक्ष हिशोब पाहू. सातबारा उताऱ्यावर या जमिनीचा एकूण आकार ९ रुपये आहे. बहिणीचा हिस्सा तिसरा, म्हणजे तिच्या हिश्शाचा आकार ३ रुपये. या ३ रुपयांस कायद्यातील पटीने गुणले म्हणजे तिच्या हिश्शाचे मूल्यांकन काही शे रुपये येते. फी भरावयाची ती या मूल्यांकनावर, आणि ती परिशिष्टातील अगदी खालच्या पायरीची. ४५ लाखांचा अथवा तिच्या हिश्शाच्या १५ लाखांचा येथे काहीएक संबंध नाही. दाव्यात राहते घरही घातले असेल, तर घरातील तिच्या हिश्शाचे मूल्यांकन वेगळे करून त्यात मिळवावे लागेल. तरीही तिला घातलेली भीती निराधारच ठरते.

याच उदाहरणात दुसरीही गोष्ट पाहण्यासारखी आहे. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून आपणास वगळले गेले असे ज्या दिवशी कळते, त्या दिवसापासून हिस्सा मागण्यास १२ वर्षांची मुदत असते. बहीण फीच्या भीतीने जितकी वर्षे गप्प बसेल, तितकी वर्षे या मुदतीतून वजा होतील. तिचे खरे नुकसान फीमुळे होत नसून या गप्प बसण्यामुळे होते.

मुदत व अपुरी फी

दाव्याच्या मुदती १९६३ सालच्या मुदत कायद्यात दिल्या आहेत. उसनवारीची अथवा विकलेल्या मालाची रक्कम मागण्यास सामान्यतः ३ वर्षे, मालकीच्या आधारावर जमिनीचा कब्जा मागण्यास प्रतिपक्षाचा कब्जा विरोधी झाल्यापासून १२ वर्षे, आणि जमिनीचे गहाण सोडविण्यास ३० वर्षे अशी मुदत आहे. दस्तऐवज रद्द करून मागण्यास, ज्या गोष्टींमुळे तो रद्द होऊ शकतो त्या कळल्यापासून ३ वर्षे मिळतात. मुदत टळल्यावर दावा आणल्यास, प्रतिपक्षाने हरकत घेतली नाही तरी, न्यायालयाला तो फेटाळावा लागतो.

पुष्कळ लोक मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात धावपळ करतात आणि त्या घाईत मूल्यांकन चुकते. मागणीचे मोल कमी दाखविले असेल अथवा फी अपुरी भरली असेल, तर न्यायालय ती चूक सुधारण्यास वेळ देते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ प्रमाणे उरलेली फी नंतर भरू देण्याचा अधिकार न्यायालयास आहे, आणि अशी फी भरल्यावर ती प्रथमपासूनच भरली होती असे मानले जाते. परंतु दिलेल्या वेळेत फी भरली नाही, तर वादपत्र नामंजूर होते. नामंजूर झालेल्या दाव्याऐवजी नवा दावा आणता येतो खरा. पण मधल्या काळात मुदत संपली असेल तर त्याचा उपयोग होत नाही. न्यायालयाने फी भरण्यास दिलेली तारीख पेरणीच्या वापशाप्रमाणे समजावी. ती एकदा हुकली की काम साधत नाही.

मूल्यांकनाचा आणखीही एक परिणाम आहे. दावा कनिष्ठ स्तराच्या न्यायालयात चालावयाचा की वरिष्ठ स्तराच्या, हेही त्याच्याशी निगडित असते. म्हणून मूल्यांकन अंदाजाने न करता चालू सातबारा, आठ-अ व मूळ दस्तऐवज समोर ठेवून करावे.

फी भरण्यास पैसा नसेल तर

फी देण्याची ऐपत नसलेल्या माणसासाठी कायद्यात तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग मोफत विधी साहाय्याचा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये स्त्रिया व मुले, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, त्याचप्रमाणे पूर, दुष्काळ, भूकंप यांसारख्या आपत्तीत सापडलेले लोक यांना मोफत विधी साहाय्य मिळू शकते. यांखेरीज ज्यांचे वार्षिक उत्पन्न शासनाने ठरविलेल्या मर्यादेपेक्षा कमी आहे, तेही पात्र असतात. स्त्रीच्या बाबतीत उत्पन्नाची अट नाही. वकील मिळवून देणे एवढ्यापुरतेच हे साहाय्य नसते. न्यायालय फी, तलबाना व नकलांचा खर्चही त्यातून भागविला जातो. यासाठी तालुक्याच्या न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे अथवा जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही माहिती मिळते. वरील उदाहरणातील बहिणीला हा मार्ग सरळ खुला आहे.

दुसरा मार्ग निर्धन व्यक्ती म्हणून दावा करण्याचा. जुन्या लोकांच्या तोंडी याला ‘नादारीचा दावा’ म्हणतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या तेहेतिसाव्या आदेशात याची रीत सांगितली आहे. फी भरण्यास पुरेसे साधन ज्याच्यापाशी नाही, तो आपल्या मिळकतीची खरी यादी जोडून परवानगीचा अर्ज करू शकतो. त्याची ऐपत मोजताना, ज्या मिळकतीविषयी दावा आहे ती मिळकत धरली जात नाही. कायद्याने जप्तीतून सूट दिलेल्या वस्तूही त्यात धरल्या जात नाहीत. शेतकऱ्याच्या उपजीविकेस आवश्यक अशी औते, गुरे व बियाणे आणि तो स्वतः राहत असलेले त्याचे घर यांना जप्तीतून सूट आहे. अर्थात ज्याच्या दावणीला बैलजोडी आहे, तो केवळ तेवढ्यावरून सधन ठरत नाही.

अर्ज आल्यावर न्यायालय चौकशी करते. प्रतिपक्षास व सरकारी वकिलास नोटीस देऊन त्यांचे म्हणणे ऐकते. मिळकत लपविल्याचे अथवा अर्जापूर्वी दोन महिन्यांच्या आत कपटाने दुसऱ्याच्या नावे केल्याचे आढळल्यास अर्ज नामंजूर होतो. म्हणून यादी प्रामाणिकपणे करावी. परवानगी मिळाल्यास फी न भरता दावा चालतो. ही फी कायमची माफ होते असे मात्र नव्हे. वादी जिंकल्यास तिचा हिशोब होऊन हुकूमनाम्याप्रमाणे ती वसूल होते व दाव्याच्या मिळकतीवर तिचा पहिला बोजा राहतो. वादी हरल्यास ती त्याच्याकडून मागितली जाते. परवानगी नाकारली गेली तरी न्यायालय फी भरण्यास वेळ देऊ शकते, आणि त्या वेळेत ती भरल्यास अर्ज दिला त्या तारखेलाच दावा दाखल झाला असे मानतात. मुदतीच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची आहे.

तिसरा मार्ग स्त्रियांना दिलेल्या माफीचा. महाराष्ट्र शासनाने १९९४ साली काढलेल्या अधिसूचनेने काही प्रकारच्या दाव्यांत स्त्रियांची न्यायालय फी माफ केली आहे. पोटगी, घटस्फोट, हिंसाचार व वैवाहिक संबंधातून उद्भवणारे मिळकतीचे वाद यांसाठी ही माफी आहे. माहेरच्या जमिनीतील वाटणीचा दावा या माफीत बसतो असे गृहीत धरून चालू नये; तेथे विधी साहाय्याचाच मार्ग धरावा.

तडजोड झाल्यास फीचा परतावा

दावा लावला म्हणजे समेटाची वाट बंद झाली, असे नाही. न्यायालय स्वतःच पक्षकारांस लोकन्यायालयाकडे अथवा मध्यस्थीकडे पाठवू शकते. लोकन्यायालयात वाद मिटल्यास भरलेली न्यायालय फी कायद्यातील रीतीने परत मिळते. तेथील निवाड्यास दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील चालत नाही. दावा लावण्यापूर्वीही एखादा वाद लोकन्यायालयापुढे नेता येतो व त्यासाठी फी पडत नाही. पक्षकारांनी आपसांत तडजोड केली तरीही फीचा परतावा मिळण्याची तरतूद आहे. परंतु तडजोड साक्षीपुरावा नोंदविला जाण्यापूर्वी झाली पाहिजे. म्हणून समेट करावयाचाच असेल तर तो दाव्याच्या आरंभीच करावा.

तंटा समेटाने मिटविण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचे दंगे झाले. त्यांची सुरुवात सुपे येथे झाली होती. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्यासाठी जो कायदा झाला, त्यात गावपातळीवर समेट घडवून आणणाऱ्या तडजोडकारांची योजना करण्यात आली होती. न्यायालयाची पायरी अज्ञानी शेतकऱ्यास किती महाग पडते, याचा अनुभव त्यामागे होता.

दिवाणी न्यायालयात जाण्याची गरज नसलेले वाद

शेतीविषयक काही वादांसाठी तहसीलदाराकडे सोपा व अल्प खर्चाचा मार्ग आहे. प्रथम तो मार्ग लागू पडतो किंवा नाही हे पाहावे.

शेताकडे जाणारा वहिवाटीचा रस्ता कोणी अडविला, अथवा पावसाचे वाहते पाणी अडवून शेजारच्या शेताचे नुकसान केले, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ अन्वये तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत अर्ज केला पाहिजे. शेतात जाण्यास रस्ताच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे इतरांच्या बांधावरून रस्ता मिळण्यासाठी अर्ज करता येतो. त्या निर्णयाने ज्याचे समाधान होणार नाही, त्याला अपील करण्याऐवजी एक वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो.

सर्व हिस्सेदारांची संमती असेल, तर शेतजमिनीचे वाटप याच संहितेच्या कलम ८५ अन्वये तहसील कार्यालयात होऊ शकते. हिश्शाविषयी अथवा मालकीविषयी वाद उपस्थित झाला, तरच दिवाणी न्यायालयाकडे जावे लागते. आणि तेथे हुकूमनामा झाल्यावर सारा आकारलेल्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप पुन्हा जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेमार्फतच होते. कुळाच्या हक्काविषयीचे प्रश्न १९४८ सालच्या कूळवहिवाट कायद्याखालील अधिकाऱ्यांनीच ठरवावयाचे असल्यामुळे त्यांसाठी दिवाणी न्यायालयात फी भरणे व्यर्थ होय.

गावातील कार्यकर्त्यांनी काय करावे

ग्रामस्तरावर काम करणाऱ्या कार्यकर्त्याने कोणाचीही बाजू घेऊ नये व वकिलाची जागाही घेऊ नये. परंतु योग्य माहिती योग्य वेळी सांगणे हे त्याचे काम आहे. वादात सापडलेला शेतकरी किंवा शेतकरी स्त्री त्याच्याकडे आल्यास त्याने पुढील गोष्टी क्रमाने विचाराव्या :

(१) वाद नेमका कशाचा आहे, आणि तो तहसीलदाराकडे मिटण्याजोगा आहे काय?
(२) वादाचे कारण कोणत्या तारखेस घडले, आणि मुदतीचे किती दिवस उरले आहेत?
(३) चालू सातबारा व आठ-अ उतारा, फेरफाराच्या नकला, खरेदीखत, गहाणखत अथवा पावत्या यांपैकी काय हाताशी आहे?
(४) न्यायालयाकडे नेमके काय मागावयाचे आहे : कब्जा, हिस्सा, रक्कम, की केवळ मनाई हुकूम?
(५) संबंधित व्यक्ती मोफत विधी साहाय्यास पात्र आहे काय?

या पाच प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून त्या व्यक्तीस तालुका विधी सेवा समितीकडे पाठवावे. तेथील वकील हिशोब करून किती फी लागेल ते सांगतील. फी ऑनलाइन पद्धतीनेही भरता येते. कोणत्याही मार्गाने भरली तरी पावती अथवा मुद्रांक याची नोंद घेऊन एक प्रत आपल्यापाशी ठेवावी. ‘कोर्टात भरण्यासाठी’ म्हणून कोणी मध्यस्थ रोख रक्कम मागत असल्यास पावतीवाचून ती देऊ नये. परतावा मागण्याची वेळ आली म्हणजे पावतीच उपयोगी पडते. वादी हरला व त्याला अपील करावयाचे असले, तर अपिलासही फी लागते, याची जाणीवही त्याला आधीच करून द्यावी.

ग्रामसभेत अथवा शेतकरी मेळाव्यात सातबारा उतारा कसा वाचावा हे सांगताना, त्यातील ‘आकार’ या रकान्याचा न्यायालय फीशी असलेला संबंधही समजावून सांगावा. पुष्कळ शेतकऱ्यांना, आणि विशेषतः माहेरच्या जमिनीत हिस्सा असलेल्या स्त्रियांना, हा संबंध कधी कोणी सांगितलेलाच नसतो. तो कळल्यावर दावा लावावयाचा की समेट करावयाचा, हे त्यांना धाकाखाली न राहता स्वतःच्या विचाराने ठरविता येईल.